काठावरची काडी
(मंडळाच्या कोजागरीच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं की, डिसेंबरात मंडळाची सहल हनुवंतियाला न्यायची आहे, तू तळ्याकाठी तंबू ठोकून राहतोस, मासे धरतोस, तर चार शब्द बोल. मी काही व्याख्याता नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री झालो आणि वीस वर्षं कालवे, बंधारे मोजतोय. तेव्हा माहिती सांगतो आणि शेवटी माझी एक चूक सांगतो. चूकच जास्त उपयोगी आहे.

इंदूरहून सिमरोलचा घाट उतरायचा, बडवाह गाठायचं, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची आणि सनावदवरून पुनासा-मूंदीकडे वळायचं. साधारण 130 किलोमीटर. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतो. समोर जे पाणी दिसतं ते इंदिरा सागर. या धरणाची पायाभरणी 23 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींच्या हस्ते झाली. साठवण 12.22 अब्ज घनमीटर. साठवणीत देशातला सर्वांत मोठा जलाशय हाच. भरला की पसारा 900 चौरस किलोमीटरच्या वर जातो. 2016 पासून पर्यटन खात्याचा जलमहोत्सव सुरू झाला आणि हिवाळ्यात काठावर तंबूनगरी उभी राहू लागली.

पण त्या पाण्याकडे बघताना माझ्यासारख्याला आणखी एक गोष्ट दिसते. माझे वडील हरसूदला शाळामास्तर होते. माझी पहिली-दुसरी तिथे झाली. 2004 च्या पावसाळ्याआधी हरसूद रिकामं केलं गेलं. लोकांनी आपल्या हातांनी आपापल्या घरांच्या विटा काढल्या, कौलं उतरवली. आमचं भाड्याचं घर, शाळा, बाजार, सगळं याच पाण्याखाली आहे. त्याच धरणाची वीज आपल्या घरात जळते, आणि मी स्वतः पाण्याच्या खात्याचं मीठ खातो. तेव्हा तक्रार करायला मी उभा नाही. इतकंच म्हणतो की तिथे गेल्यावर हे मुलांना सांगा. नाहीतर त्यांना वाटेल, समुद्र आहे.

आता मासेमारी. आपल्या राज्यात 16 जून ते 15 ऑगस्ट मासे धरायला बंदी असते, कारण हा त्यांचा अंडी घालायचा काळ. आपल्या आज्या श्रावण पाळायच्या, कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या पाण्यात घालतात. कायदा नंतर आला, पण शहाणपण तेच. दुसरं, जलाशयातले मासे कोणाचेच नाहीत असं समजू नका. मासेमारीचा हक्क मत्स्य महासंघाकडे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. गळ टाकायच्या आधी विचारायचं.

मिळतात ते मुख्यतः कतला, रोहू, मृगळ. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून गळ किती खोल सोडायचा हे कोणता मासा हवा त्यावर ठरतं. आमिषाला कणीक पुरते. त्यात थोडं भाजलेलं बेसन मळलं की वास सुटतो. मोरपिसाचा देठ दोरीला बांधला की तरंगत राहतो. तो नुसता थरथरला तर हात हलवायचा नाही, सरळ खाली गेला की ओढायचं. माझ्या मुलाला हे शिकायला दोन सहली लागल्या. मोबाइलशिवाय तो तीन तास एका जागी बसला, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि महाशीर दिसला तर सोडून द्या. तो आपल्या मध्य प्रदेशचा राजकीय मासा. त्याला वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांचं पाणी लागतं. नर्मदेवर धरणं झाली, पाणी थांबलं, आणि एके काळी या नदीत भरपूर असलेला हा मासा दुर्मीळ झाला.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी, मी, माझे मेहुणे आणि तेव्हा अकरा वर्षांचा मुलगा असे तिघे गेलो. तंबूनगरी त्या दिवसांत नसते. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेताखाली, पाण्यापासून साधारण 60 फुटांवर आम्ही तंबू ठोकला. जवळच एक म्हातारा मच्छीमार जाळं सुकवत होता. त्याने पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवली होती. जेवण झालं तेव्हा ती काडी पाण्यात होती. तो म्हणाला, “साहब, पानी चढ़ रहा है, तंबू ऊपर ले लो।”

मी हसलो. त्याला हिशेब सांगितला. दादा, एवढ्या तळ्यात एक फूट पाणी चढायला 27 कोटी घनमीटर पाणी लागतं, एका रात्रीत कुठून येणार? आकाश स्वच्छ, चांदणं पडलेलं. तो काही बोलला नाही.

पहाटे तीनला त्यानेच आम्हाला हाका मारून उठवलं. तंबूच्या खालच्या बाजूला मुलगा झोपला होता, त्याची सतरंजी भिजली होती. चपला, गळ, चुलीवरचं पातेलं सगळं गेलं होतं. म्हाताऱ्याने मुलाला खांद्यावर घेतलं आणि आम्ही चिखलातून तंबू ओढत शेतात आलो. तिथे मुलाने मला विचारलं, “बाबा, तुम्ही तर पाण्याच्या खात्यात आहात ना?”

माझा गुणाकार बरोबर होता. विसरलो ते दोन गोष्टी. आपल्याकडे चांदणं असलं तरी वर नर्मदापुरमकडे, तव्याच्या खोऱ्यात पाऊस असू शकतो. खाली सोडलेल्यापेक्षा सेकंदाला सात हजार घनमीटर पाणी जास्त आलं, तर बारा तासांत 30 कोटी होतं. आणि तिथला काठ इतका सपाट, की 60 फुटांना एक फूट चढ. म्हणजे पाणी एक फूट वाढलं की 60 फूट पुढे येतं. हे मला कागदावर कोणीही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या म्हाताऱ्याची काडी म्हणजे आमच्या खात्याची गेजपट्टीच. रोज मी ती वाचतो आणि त्यावर सही करतो. त्या रात्री वाचली नाही, कारण ती एका अनवाणी माणसाने रोवली होती.

सकाळी त्याला पैसे देऊ लागलो, त्याने घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. बोलता बोलता कळलं, त्याचं शेत पाण्यात गेलं, तेव्हापासून तो जाळं टाकतो. तो म्हणाला, पाणी कसं चढतं ते आम्ही एकदा पाहिलंय, साहेब.

तेव्हा डिसेंबरात जाऊ तेव्हा तंबू काठापासून लांब आणि उंचावर. होडीत बसताना लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही. प्लॅस्टिक परत आणायचं. मासा लागेल तेवढा, छोटा परत पाण्यात. आणि पोचल्यावर पहिलं काम, काठावर एक काडी रोवायची. ते काम मी माझ्या मुलाला दिलंय. आता तो तासातासाने जाऊन बघतो, मला विचारत नाही.

नावं सचिवांकडे द्यावीत. दूध आटलंय असं आतून खुणावताहेत, म्हणून थांबतो.