जशी भूमी, तसा उद्यम



एखाद्या गावी लोकांनी एकत्र येऊन काढलेला उद्योग भरभराटीस आला, की त्याची वार्ता दूरवर पोहोचते. शिष्टमंडळे येतात, पोटनियमांच्या प्रती नेल्या जातात आणि दुसऱ्या तालुक्यात तशाच संस्थेची नोंदणी होते. तथापि तेथे तो उद्योग रुजतोच असे नाही. नफ्यापेक्षा समाजाची निकड भागविणे हा ज्याचा मुख्य हेतू, असा उद्यम कार्यकर्त्यांच्या कळकळीतून जन्मास येतो हे खरे. परंतु त्याचे रूप ठरविते ती तेथील भूमी, तेथील पाणी, वन आणि माणसांचे परस्परसंबंध. महाराष्ट्रातील तीन गावांचा इतिहास याची साक्ष देतो.

पहिले गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील लोणी. हा प्रदेश पर्जन्यछायेचा. परंतु भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी शिवारात आले. ऊस पिकू लागला, पण गुळाचे भाव कोसळले की शेतकरी कर्जात बुडे. खाजगी कारखाने तर जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवीत. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. त्यातील साखर घटत जाते. त्यामुळे कारखाना शेताजवळ हवा, आणि तो आपला हवा, ही गरज शेकडो शेतकऱ्यांची एकच होती. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती, त्यामुळे एकत्र येण्याची सवय नवी नव्हती. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन आणि सरकारचे भागभांडवल यांची जोड मिळून १९५०–५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले.

दुसरे गाव पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील नायगाव. हाही प्रदेश पर्जन्यछायेचाच. मात्र येथे कालवा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. देवस्थानची सुमारे ४० एकर उतारावरील जमीन घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले आणि त्यांतून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम टंचाईने शिकविलेले होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावता येणार नाही. लोणीत ज्या पिकाने लोकांना एकत्र आणले, तेच पीक नायगावात एकीच्या मुळावर येणारे ठरले असते.

तिसरे गाव गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). येथे गोंड समाजाची वस्ती आणि सभोवार बांबूचे वन. संपत्ती दारात होती, पण तिच्यावर गावाचा अधिकार नव्हता. सर्वांच्या संमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि अभ्यासगट ही त्या गावाची खरी पुंजी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबूची विक्री करणारी संस्था म्हणजे स्वतः ग्रामसभाच. येथे निराळे भागधारक नाहीत. अवघे गावच भागधारक आहे.

तीन गावे, तीन रूपे. कालव्याच्या प्रदेशात कारखाना, कोरडवाहू प्रदेशात पाण्याची वाटणी, वनप्रदेशात ग्रामसभा. रूपे परस्परांत बदलून पाहिली तर तिन्ही अपयशी ठरतील. पाण्याची शाश्वती नसलेल्या भागांतही साखर कारखाने उभे राहिले, त्याचे फळ २०१६–१७ च्या हंगामात मराठवाड्याने पाहिले: आधीच्या दुष्काळामुळे ऊसच नव्हता आणि अनेक कारखान्यांची धुराडी थंड राहिली. कारखाना उभारता येतो, नदी उभारता येत नाही.

यावरून शासनाचे कार्य गौण ठरत नाही. धरण, भागभांडवल आणि हक्काची मान्यता यांवाचून लोणी आणि मेंढा घडले नसते. परंतु साहाय्य कोठे द्यावयाचे, हे गावाने आपली ओळख स्वतःस पटविल्यावरच कळते. म्हणून ग्रामसभेपुढे नव्या संस्थेचा ठराव येईल, तेव्हा पंचायत सदस्यांनी प्रथम चार प्रश्न विचारावेत: आपल्याजवळ काय आहे? कशाची उणीव आहे? ती उणीव सर्वांना सारखीच जाचते काय? आणि यापूर्वी आपण एकत्र येऊन काय तडीस नेले? शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरी, पिके, वने आणि कारागिरी यांची नोंद करून घ्यावी. अधिकाऱ्यांनी ती नोंद योजनेच्या छापील नमुन्याआधी वाचावी. दुसऱ्या गावाचे पोटनियम उतरवून घेता येतात. त्यामागील प्रश्न मात्र ज्याने त्याने आपल्याच मातीत शोधावा लागतो.