बहर ओसरल्यावरची छाटणी



कापूस-ज्वारीच्या बैठकीत फुलझाडांचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण अंगणातला मोगरा, गुलाब, जास्वंद आपल्याच घरची बाई मोरीच्या पाण्यावर जगवते. आणि त्या जास्वंदीचा आपल्या पऱ्हाटीशी संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

पऱ्हाटी आणि ज्वारी आपण एका हंगामापुरती लावतो. वेचा संपला, कणसे खुडली, पीक संपले. त्याच सवयीने आपण फुलझाडाकडे पाहतो. फुले आहेत तोवर कौतुक, फुले सरली की विसरलो. मग झाड नुसते उंच जाते, बुडाशी बोडके होते, शेंड्याला दोन फुले लागतात. आपण म्हणतो, झाड म्हातारे झाले. खरी गोष्ट अशी की मोगरा, गुलाब आणि जास्वंद या तिघांनाही फूल येते ते नव्या फुटीवर. नवी फूट हवी तर जुनी फांदी कापावी लागते.

मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात. पाऊस लागला की बहर ओसरतो. तेव्हा वाळक्या काड्या आणि फुलून गेलेले शेंडे तेवढे काढा. मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत. आधी काही दिवस पाणी तोडा, मग झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटा, शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. एप्रिल-मेच्या उन्हात कात्री लावू नका. पाण्याची ओढ आणि कापाची जखम, दोन्ही झाडाला सोसत नाहीत.

गुलाबाचे फूल कोमेजले की पाकळ्या गळायची वाट पाहू नका. फळ धरले की झाडाची ताकद बियांत जाते. पाच पानांचे पहिले पान जिथे असेल त्याच्या वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याजवळ, तिरपा काप घ्या. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट ही खुंटाची, म्हणजे रानगुलाबाची. ती मुळाशी काढा. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. जाड कापांवर बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्या, लोखंडी नको.

आता जास्वंद. ही पऱ्हाटीच्याच कुळातली. 2005 नंतरच्या काही हंगामांत कपाशीवर जो पांढरा पिठ्या ढेकूण पसरला, तो जास्वंदीवर आणि गाजरगवतावरही जगतो. शेत रिकामे असते तेव्हा त्याचा मुक्काम आपल्या अंगणात. म्हणून फेब्रुवारीत जास्वंद एक तृतीयांश छाटा. कापसासारखे पांढरे पुंजके असलेले शेंडे आधी काढा. ते उकिरड्यावर किंवा बांधावर टाकले तर कीड चालत शेतात येईल. जाळूनच टाका. बुडाशी मुंग्यांची रांग दिसली तर वर ढेकूण आहे असे समजा.

आपले मात्र उलटे चालले आहे. जी पऱ्हाटी डिसेंबरअखेर काढायची, तिची आपण पाणी देऊन फरदड घेतो आणि गुलाबी बोंडअळीला पोसतो. 2017 च्या हंगामात त्या अळीने काय केले, ते इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आणि जे झाड छाटून वर्षानुवर्षे फुलते, त्याला आपण हात लावत नाही.

पऱ्हाटी वेळेवर उपटा. फुलझाड वेळेवर छाटा.