उंबरठ्याबाहेरचे शेजारी



आपल्याकडे शेजारी देशांशी संबंधांची चर्चा निघाली की युरोपीय महासंघाचा दाखला हमखास दिला जातो. 'सार्क'ने महासंघाकडून धडे घ्यावेत, असा उपदेश विचारवंत मंडळी वर्षानुवर्षे करीत आली. मात्र हा दाखला महासंघाच्या अंतर्गत व्यवहाराचा असतो. आपल्या दाराबाहेर राहिलेल्या देशांशी हाच महासंघ कसा वागतो, याकडे सहसा कोणी पाहत नाही. शेजाऱ्याला घरात न घेता त्याच्याशी नाते कसे राखावे, हा तर दिल्लीपुढचाही प्रश्न आहे.

१ मे २००४ रोजी दहा नवे देश दाखल होऊन महासंघ पंधराचा पंचवीस झाला. सीमा पूर्वेकडे सरकली आणि युक्रेन, बेलारूस यांसारखे देश थेट शेजारी बनले. या सीमेची झळ सामान्य माणसाला आधीच लागली होती. युक्रेनच्या नागरिकाला पोलंडमध्ये जाण्यासाठी तोवर व्हिसा लागत नसे. महासंघाच्या नियमांसाठी पोलंडने तो २००३ मध्येच लागू केला. शतकानुशतके एकमेकांत मिसळलेल्या प्रदेशांत नवी भिंत उभी राहू लागली.

यावर उतारा म्हणून जन्माला आले ते 'युरोपीय शेजारधोरण'. महासंघाच्या आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी २००२ मध्येच त्याचे सूत्र सांगून ठेवले होते. शेजाऱ्यांशी सर्व काही वाटून घ्यायचे, फक्त महासंघाच्या संस्थांमध्ये त्यांना स्थान द्यायचे नाही. बाजारपेठ मिळेल, अर्थसाहाय्य मिळेल, प्रवासाच्या सवलती मिळतील. मात्र निर्णय होतील त्या मेजावर खुर्ची मिळणार नाही. मोरोक्कोपासून अझरबैजानपर्यंत सोळा शेजारी या एकाच चौकटीत बसविण्यात आले. रशियाने या रांगेत उभे राहण्यास नकार दिला आणि बरोबरीच्या नात्याने वेगळी भागीदारी मागून घेतली. ज्याच्या अंगी बळ असते, त्याला रांग चुकविता येते.

मोरोक्कोने १९८७ मध्ये सदस्यत्व मागितले, तेव्हा तो युरोपीय देश नाही म्हणून त्याची बोळवण झाली. भूगोलाने त्याचा प्रश्न तरी निकालात काढला. युक्रेन, मोल्डोवा आणि जॉर्जिया यांचे तसे नव्हते. हे देश युरोपीय आहेत. महासंघाच्या करारानुसार कोणत्याही युरोपीय राष्ट्राला अर्ज करता येतो. तरीही त्यांना 'होय' म्हटले गेले नाही आणि 'नाही'ही म्हटले गेले नाही.

पोलंड आणि स्वीडन यांच्या पुढाकाराने मे २००९ मध्ये प्राग येथे 'पूर्व भागीदारी' सुरू झाली. तिचा गाभा म्हणजे सहयोग करार. शेजारी देशाने व्यापार, गुणवत्ता, स्पर्धा यांविषयीचे महासंघाचे कायदे आपल्या देशात लागू करावयाचे आणि मोबदल्यात मुक्त व्यापार मिळवावयाचा. ज्या कायद्यांच्या घडणीत आपला शब्द नाही, ते कायदे स्वतःहून स्वीकारायचे! सार्वभौम राष्ट्राकडून एवढी अपेक्षा करणाऱ्याने त्याच्या पाठीशी उभे राहण्याचीही तयारी ठेवायला हवी. ब्रुसेल्सने हा करार नियमावलीचा विषय मानला. मॉस्कोच्या दृष्टीने तो सत्ताक्षेत्राचा विषय होता. आर्मेनियाने सप्टेंबर २०१३ मध्येच रशियाच्या दडपणाखाली माघार घेतली. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारनेही कराराची तयारी थांबविली. कीव्हच्या चौकात लोक महासंघाचे निळे झेंडे घेऊन गोठवणाऱ्या थंडीत बसून राहिले. त्यांतील कित्येकांनी प्राण गमावले. फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच पळाले. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला.

पुढे २०१४ मध्येच करारावर सह्या झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्समधील सार्वमतात मतदारांनी तो नाकारला. तेव्हा डच सरकारची अडचण दूर करण्यासाठी महासंघाच्या नेत्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये लेखी खुलासा केला. या करारामुळे युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळत नाही आणि त्याला संरक्षणाची हमी किंवा लष्करी मदत देण्याचे बंधनही महासंघावर येत नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. ज्या झेंड्यासाठी माणसे मेली, त्या झेंड्याखालून हे उत्तर आले. तेव्हा युक्रेनच्या पूर्व भागात युद्ध चालू होते.

दक्षिणेकडची कथा निराळी नाही. लोकशाहीचा जप करीत महासंघाने ट्युनिशियाच्या बेन अली यांच्याशी वर्षानुवर्षे उत्तम संबंध राखले. जानेवारी २०११ मध्ये जनतेने त्यांना हाकलल्यावर 'अधिक सुधारणांना अधिक साहाय्य' अशी घोषणा झाली. २०१४ ते २०२० या काळासाठी शेजारधोरणावर १,५४० कोटी युरोंची तरतूद होती. आकडा लहान नव्हे. पण २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले आणि त्याच वर्षीच्या फेरआढाव्यात सुधारणांपेक्षा स्थैर्याला अग्रक्रम मिळाला.

या तुलनेत भारताचे एक उदाहरण आठवावे. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी १६२ भूवेष्टित वस्त्यांची अदलाबदल केली. भारताच्या वाट्याची जमीन कमी भरली, तरी संसदेने त्यासाठीची घटनादुरुस्ती एकमताने संमत केली. त्याबदल्यात बांगलादेशाने आपले कायदे बदलावेत, अशी अट कोणी घातली नव्हती. मैत्री त्याने कायमची टिकते असे नाही, हे ढाक्यातील २०२४ च्या सत्तापालटाने दाखविलेच.

युक्रेनसाठी दार किलकिले झाले ते रणगाडे घुसल्यावर. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केले, चार दिवसांत युक्रेनने अर्ज केला आणि २३ जून रोजी युक्रेन व मोल्डोवा यांना उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. अठरा वर्षे जे शक्य नव्हते, ते चार महिन्यांत झाले. जॉर्जियाला तो दर्जा डिसेंबर २०२३ मध्ये मिळाला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारनेच वाटाघाटी २०२८ अखेरपर्यंत लांबणीवर टाकल्या, आणि तिबिलिसीच्या रस्त्यांवर पुन्हा निळे झेंडे दिसू लागले.

ट्युनिशियाशी जुलै २०२३ मध्ये महासंघाने नवा समझोता केला. त्यात स्थलांतर रोखण्यासाठी साडेदहा कोटी युरो देऊ केले होते. ऑक्टोबरमध्ये ट्युनिशियाचे अध्यक्ष कैस सईद यांनी, आपल्याला सहकार्य हवे आहे, भीक नको, असे सुनावले आणि खात्यात जमा झालेले सहा कोटी युरो महासंघाला परत पाठविले.