घाटात पुढं पळणारी घोडी

आज बोलायचंय घोड्यांच्या शर्यतीवर. तुम्ही म्हणाल, आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, रेसकोर्स कुठून आलं? बरोबर आहे. एक मुंबईत महालक्ष्मीला, दुसरं पुण्यात. आपण रेस पाहिली ती हिंदी पिक्चरमध्ये. सूटबूटवाला हिरो, डोळ्याला दुर्बीण, खिशात तिकीट. पण बोलण्यात घोडा आपल्याकडंही आहेच की. परीक्षा आली की घोडामैदान जवळ येतं, आमदार फुटले की घोडेबाजार होतो.

खरी पळणारी घोडी बघायची तर चैत्र-वैशाखातल्या यात्रेला चला. पारनेर, संगमनेरचं पठार, शेजारचं जुन्नर-आंबेगाव, या पट्ट्यात बैलगाडा घाटात पळतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. सातारा-सांगलीकडं दोन बैल, छकड्यावर माणूस आणि एका वेळी चार-सहा गाड्या. आपल्याकडं तसं नाही. चार बैल, गाड्यावर कुणीच नाही, एका वेळी एकच गाडा आणि समोर घड्याळ. आणि सगळ्यांच्या पुढं घोडी.

ही घोडी शोभेला नसते बरं का. बैलांना तिच्या मागं पळायची सवय लावलेली असते. निवेदकाचं 'भिर्रर्र' झालं की स्वार तिला सोडतो आणि मागून चार बैल सुटतात. ती फार पुढं गेली तर बैलांचं लक्ष तुटतं. मागं राहिली तर बैल अंगावर येतात. म्हणजे पोरानं मागं न बघता अंतर राखायचं, तेही चढावर, दोन्ही बाजूंनी माणसं उभी असताना, पंधराएक सेकंदांत. वर पोचल्यावर पटकन बाजूला निघायचं, कारण मागून येणाऱ्या गाड्याला आवरायला वर कुणी बसलेलंच नसतं. घोडी घसरली तर काय होईल, ते मी सांगायची गरज नाही.

आता कोर्टाची गोष्ट. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत बंद केली. त्या निकालात बैलाची तुलना घोड्याशी केली होती. घोड्याच्या शरीराची ठेवण पळण्याजोगी, बैलाची नाही, असा तो मुद्दा. रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या रेसला तर सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. त्यामुळं आपल्याकडं लोक चिडले. शहरातला घोडा चालतो, आमचा बैल का नाही? २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा कायम ठेवला.

या भांडणात दोन्ही बाजू घोड्याचं नाव घेत होत्या, पण घाटात बैलापुढं पळणारी घोडी मात्र फारशी कुणाच्या बोलण्यात नव्हती. मला याचं नवल वाटतं.

ती चर्चेत आली ती एका नटामुळं. छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका करणारे खासदार अमोल कोल्हे. शर्यत सुरू झाली की गाड्यापुढं घोडी पळवणार, असा शब्द त्यांनी दिला होता. विरोधकांनी त्यावरून त्यांना भरपूर टोमणे मारले. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगावच्या घाटात ते खरंच घोडीवर बसले. मोबाईलवर तो व्हिडिओ सगळीकडं फिरला. राजकारण सोडा, पण त्या दिवशी कॅमेरा बैलाआधी घोडीवर गेला.

एरवी काय होतं? फ्लेक्सवर गाडामालकाचा फोटो, बैलांची नावं, बक्षिसाला बुलेट नाहीतर ट्रॅक्टर. रील्समध्ये स्लो मोशनला बैल आणि उधळलेला भंडारा. घोडीवरचा पोरगा दिसतो तो कडेला, अर्धा कापलेला. मी पाहिलेल्या बऱ्याच बाऱ्यांत त्याच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं. टोपी किंवा फेटा, बस्स. महालक्ष्मीच्या जॉकीला हेल्मेटशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. इथं तर मागून चार बैल येतात.

मी शर्यतीच्या विरोधात नाही, आधीच सांगतो, कमेंटमध्ये भांडू नका. बक्षिसाला गावं लाखांनी वर्गणी काढतात, त्यातून स्वारांसाठी चार हेल्मेट यायला हरकत नसावी. बारीआधी बैलांसोबत घोडीचेही पाय डॉक्टरांनी तपासावेत. आणि निवेदकानं माईकवर गाडामालकाबरोबर स्वाराचं नाव घ्यावं, एवढं तर फुकटात होतं.

तुमच्या घाटात घोडी कोण पळवतं? त्याला विचारून, त्याच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावतो.