सांध्याची परीक्षा



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला आणि पहिले क्षेत्रच रद्द झाले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या नकाशात दुसऱ्या क्षेत्रात होते.

किल्लारीत माणसे दबली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली. म्हणून काँक्रीटचे घर म्हणजे अभय, अशी समजूत रुजली. ती अर्धीच खरी. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. किल्लारीपासून संभाजीनगर जवळजवळ तितक्याच अंतरावर आहे. तुलना तंतोतंत नव्हे. भूजचा धक्का कितीतरी मोठा, अहमदाबादेची जमीन नदीच्या गाळाची आणि येथील पाया बेसॉल्टचा. परंतु अशी इमारत कोठे तुटते, हे जाणून घेणे त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

तुळई व स्तंभ जेथे मिळतात, तो सांधा हे अशा मर्मस्थानांपैकी एक. जमीन हलली की एका बाजूच्या तुळईतील सळ्या सांध्याला ओढतात, दुसऱ्या बाजूची तुळई त्याला रेटते; क्षणार्धात दिशा उलटते. सांध्यावर फुलीच्या आकाराच्या भेगा पडतात, आतील काँक्रीटचा चुरा होतो आणि वरच्या मजल्यांचा भार पेलणारा स्तंभ तेथेच खचतो.

हे आधी ओळखता येते. ३०० मिलिमीटर चौरस स्तंभाचा, एम-२५ काँक्रीटचा कोपऱ्यातील सांधा घ्या. २०१६ च्या मानकाप्रमाणे त्याची छेदशक्ती सुमारे ४६ टन. तुळईच्या वरच्या अंगाला ५०० प्रतीच्या २० मिलिमीटरच्या तीन सळ्या असतील, तर त्या सुमारे ६० टनांनी ओढतात. स्तंभाकडून मिळणारा सुमारे ११ टनांचा विरोध वजा केला तरी ४९ टन उरतात. सांधा अपुरा आहे, हे कागदावरच कळले. काँक्रीट चौपट मजबूत केले, तरी ही शक्ती दुप्पटच होते. स्तंभ रुंद करणे अधिक उपयोगी. त्याच मानकात, सांध्यापाशी स्तंभांची वाकण्याविरुद्धची एकत्रित शक्ती तुळयांच्या १.४ पट असावी, असाही नियम आहे.

खरी गफलत मात्र बांधकामाच्या जागी होते. दोन्ही दिशांच्या सळ्यांची सांध्यात इतकी गर्दी होते, की रिंगा अडवणूक वाटतात आणि नेमक्या तेथेच गाळल्या जातात. बसवल्याच, तर टोके काटकोनात वाकवून सोडतात. हादऱ्यात ती उघडतात. टोक १३५ अंशांत वळवून आतील काँक्रीटमध्ये रुतवावे लागते. योगायोग असा, की हे सांगणाऱ्या मानकाची पहिली आवृत्ती १९९३ सालचीच.

ग्रामपंचायतीची इमारत असो वा शाळेची खोली, सळ्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक सांध्यातील रिंगा अभियंत्याकडून मोजून घ्याव्यात. स्लॅब भरला, की त्या पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.