मोटलींचा पास

गोष्ट रेल्वेच्या पासाची आहे. १८७१ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रेल्वेचा अपघात झाला. जखमींमध्ये इरॅस्मस आणि अ‍ॅनी मोटली हे नवरा-बायको होते. त्यांनी भरपाईचा दावा सोडायचा आणि लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे कंपनीने दोघांना हयातभर फुकट पास द्यायचा, अशी तडजोड झाली. ती ३५ वर्षं सुरळीत चालली. १९०६ साली अमेरिकी काँग्रेसने फुकट पासांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षापासून कंपनीने पास देणं बंद केलं.

मोटली केंद्राच्या कोर्टात, म्हणजे फेडरल कोर्टात गेले आणि जिंकले. कंपनीने सर्वोच्च न्यायालय गाठलं. नवा कायदा जुन्या कराराला लागू होतो का, यावर दोन्हीकडचे वकील भांडत होते. १९०८ साली न्यायमूर्तींनी मात्र कोणीच न काढलेला मुद्दा स्वतःहून काढला: हा दावा या कोर्टात आलाच कसा?

आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत शिडी एकच. कायदा राज्याचा असो वा केंद्राचा. अमेरिकेत दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि केंद्राच्या शिडीवर घटनेने व काँग्रेसने नेमून दिलेलेच दावे चढतात. मोटलींचा दावा कराराचा, म्हणजे राज्याच्या कायद्याचा. कंपनी केंद्राच्या कायद्याची ढाल पुढे करणार, हे त्यांनी दाव्यात लिहिलं होतं. पण प्रतिवादीच्या बचावावरून कोर्टाचा अधिकार ठरत नाही. पक्षकार वेगवेगळ्या राज्यांतले असते तर निराळी वाट होती. (त्या वाटेने जायला आज दावा ७५,००० डॉलरहून मोठा लागतो.) पण इथे दोघेही केंटकीचेच.

दोन्ही पक्ष राजी असले तरी हा अधिकार निर्माण होत नाही. १८०४ च्या एका खटल्यात तर हरलेल्या वादीनेच, पक्षकार कुठले हे कागदपत्रांत आलेलं नाही, म्हणून कोर्टाला अधिकारच नव्हता अशी तक्रार केली. त्या कोर्टात दावा त्यानेच आणला होता! तरीही सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला.

मोटलींच्या बाजूचा निकालही तसाच रद्द झाला. मग त्यांनी केंटकी राज्याच्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात केली. तिथेही जिंकले. कंपनी पुन्हा त्याच सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्याच्या कोर्टाने केंद्राच्या कायद्याचा अर्थ लावला असल्याने आता तिथलं दार उघडं होतं. १९११ साली निकाल लागला: पास बेकायदेशीर. अपघाताला तेव्हा ४० वर्षं होत आली होती.