एका न्हाणीघरात चार तऱ्हेचे केस

भिलाईजवळच्या हथखोजच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला गेलेली मंडळी आणि डबे भरून नुकत्याच टेकलेल्या घरच्या बाया, दोघांच्याही उपयोगाचा विषय आज घेतला आहे. केस कशाने धुवावेत आणि धुतल्यावर त्यांना काय लावावे?

दुसऱ्या एखाद्या गावात हा विषय दोन मिनिटांत संपला असता. भिलाईत तो संपत नाही. 1955 साली इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पोलादापाठोपाठ मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, ओडिया अशी माणसे इथे येत गेली. मराठी घरे तर भोसल्यांच्या काळापासून रायपूर-रतनपूरकडे होतीच. पुढच्या पिढ्यांनी एकमेकांत लग्ने केली. आता सासू नागपूरकडची, सून पालक्काडची, जावई जालंधरचा, शेजारीण अस्सल छत्तीसगढी. आणि न्हाणीघराच्या फळीवर शांपूची बाटली मात्र एकच! माझे भांडण त्या एका बाटलीशी आहे.

केस सरळ यायचा की कुरळा, हे कातडीच्या आत ठरते. केसाचे मूळ ज्या कोशात असते तो कोश सरळ असला तर केस सरळ निघतो. कोशालाच बाक असला तर केस वळत वळत बाहेर येतो आणि त्याचा छेद गोल न राहता चपटा होतो. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते, कुरळ्या केसावर प्रत्येक वळणाला अडते. म्हणून सरळ केसांचे डोके दोन दिवसांत चिकट होते आणि कुरळ्या केसांची टोके तेवढ्याच वेळात झाडूसारखी कोरडी पडतात. दोघांना एकच कडक शांपू दिला तर एकाचे भले होईल आणि दुसऱ्याचे केस तुटतील. सख्ख्या बहिणींचे केससुद्धा वेगळे असतात. तेव्हा आडनाव पाहून शांपू घेऊ नका, केस पाहून घ्या.

शांपू टाळूसाठी असतो, कंडिशनर केसांच्या लांबीसाठी. हे दोन्ही उलटसुलट वापरणारी पुष्कळ घरे मी पाहिली आहेत. दिवसभर हेल्मेटखाली घाम गाळणाऱ्या, भट्टीजवळच्या माणसाला रोज धुवावेसे वाटले तर धुवू द्या, पण सौम्य शांपूने. कुरळ्या केसांच्या मुलीला आठवड्यातून एक-दोनदा पुरे. तिला कंडिशनर मात्र सढळ हाताने लावा आणि तो केसांत असतानाच, केस ओले असताना, मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर वर सोडवत जा. कोरड्या कुरळ्या केसांतून बारीक फणी ओढणारी आजी प्रेमळ असली तरी तिच्या हातून फणी काढून घ्यावी.

आता तेल. या बाबतीत प्रत्येक प्रांताचा अभिमान जागा होतो. पंजाब्याला मोहरी, केरळीयाला खोबरेल, आपल्याला माक्याचे नाहीतर खोबरेल. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातले प्रथिन वाया जाण्याचे प्रमाण फक्त खोबरेलाने कमी झाले, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण तेल धुण्याआधी लावा, केसांना लावा. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापणे मला मुळीच मान्य नाही. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी टाळूच्या तेलावरच जगते.

पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही. कारखान्याच्या टाउनशिपला तांदुळा जलाशयाचे पाणी मरोद्याच्या तलावातून मिळते. हथखोजकडे अनेक घरांत बोरिंग आहे. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तुमचे पाणी जड आहे. अशा पाण्यात साबण केसांवर चिकट थर सोडतो आणि दोष शांपूच्या माथी येतो. अंगाच्या साबणाने डोके धुणे आधी बंद करा. शेवटच्या मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केस खळबळून घ्या, फरक हाताला कळतो.

दूरदेशीच्या मराठी घरांचीही एक गोष्ट सांगते. माझ्या भाचीचे यजमान नायजेरियन वंशाचे. त्यांच्या मुलीचे केस स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले. मुंबईहून गेलेल्या आजीने रिठ्याने दोनदा धुतले आणि केसांचा गुंता सुटेना. आफ्रिकी वंशाचे लोक अशा केसांना धुण्याआधी तेल लावतात, कमी धुतात, वेण्या घालून रात्री रेशमी कापडात गुंडाळतात. हे ज्ञान आपल्याला अगदीच परके नाही. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घरांत असे केस पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जातात.

पार्लरमधल्या ‘केराटिन’बद्दलही बोलते. केस सरळ करणाऱ्या यातल्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्याला कर्करोगकारक मानते. लग्नाआधी कुरळ्या सुनेला ‘जरा सरळ करून घे’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी एवढे तरी ऐकावे.

नवीन काही आणायचे असले तर आधी पाउच आणा, बाटली नंतर. बाटलीवर ‘सर्व केसांसाठी’ लिहिलेले असले तरी मागची घटकांची यादी वाचा. पहिल्या चार नावांत तेच पदार्थ असतात, ज्यांचे प्रमाण जास्त.

आणि कुरळ्या केसांसाठी महागडा जेल घेण्याआधी आपल्या शेतातली जवस आठवा. उभ्या धानात उतेरा पद्धतीने पेरतात तीच. मूठभर जवस दोन-अडीच कप पाण्यात उकळा, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे घट्ट झाले की गरम असतानाच गाळा. थंड झाले की गाळता येत नाही. ओल्या केसांना लावा, बोटांनी दाबून सोडा, पुसू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास बदलला की टाकून द्या.